चादर आपली, भांडी आपली: स्कँडिनेव्हियातल्या हॉस्टेलात राहायचं तर

"हॉस्टेलात? या वयात?" असं मला तिघांनी विचारलं. तिघांच्याही डोळ्यांपुढे कॉलेजचं वसतिगृह आणि मेसची पातळ आमटी होती. माझं वय ५८, नोकरी ग्रंथालयात झालेली, डावा गुडघा कुरकुरणारा. जून महिन्यात डेन्मार्कातलं कोपनहेगन, स्वीडनमधलं स्टॉकहोम, नॉर्वेतलं ओस्लो आणि बर्गन अशी १९ दिवसांची भटकंती मी केली ती सगळी हॉस्टेलांत राहून. हॉटेलं परवडणारी नव्हती हे पहिलं कारण. पण आता कुणी हॉटेलचे पैसे दिले तरी मी हॉस्टेलच घेईन. स्वीडिशमध्ये या जागांना 'वांद्रारहेम' म्हणतात, म्हणजे भटक्यांचं घर. यातल्या 'घर' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. घर म्हटलं की केर काढणं आलं, भांडी आली, अंथरूण घालणं आलं. ते सगळं तिथे तुम्हीच करायचं असतं. हे ज्याला आधी कळलं त्याची मजा, नाही कळलं त्याला दंड. मला पहिल्या मुक्कामी दंड झाला.

तर आधी बुकिंग. खोली की डॉर्म हे ठरवताना फोटो बघू नका, तपशील वाचा. डॉर्म म्हणजे चार, सहा, आठ जणांची खोली, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर ती स्त्री-पुरुष मिळून असते असंच धरून चाला. फक्त महिलांची डॉर्म हवी असेल तर ती शोधून निवडावी लागते. मी निवडली. पण बर्गनला ती भरलेली होती, म्हणून एक रात्र सरमिसळ खोलीत काढली आणि काहीही बिघडलं नाही. दोन सायकलवाले जर्मन नऊ वाजताच झोपले. खालचा पलंग मात्र आधीच ईमेल करून मागा. वरच्या पलंगाच्या शिडीला गोल, बारीक लोखंडी पायऱ्या असतात, आणि रात्री दोनला त्या अनवाणी तळपायाला कशा लागतात हे मी सांगत बसत नाही.

वयाची अट बहुतेक ठिकाणी नसते. माझ्या स्टॉकहोमच्या स्वयंपाकघरात सत्तरी ओलांडलेली दोन जोडपी आणि तान्ह्या बाळासह आलेलं एक कुटुंब होतं. तरुणांची पार्टीवाली काही खासगी हॉस्टेलं अट घालतात. तिथे आपल्याला जायचंच नसतं.

व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून पैसे न कापता रद्द करता येईल असंच आरक्षण आधी करा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. याहून जास्त या विषयावर लिहीत नाही, कारण नियम बदलतात आणि मला अजून त्या रांगेची स्वप्नं पडतात.

पैशाचं थोडक्यात. तिन्ही देशांत युरो चालत नाही. तिघांच्याही चलनाला आपण 'क्रोनर' म्हणत असलो तरी ती तीन वेगळी चलनं आहेत आणि त्यांचे दरही वेगळे. रोख जवळजवळ लागतच नाही. स्वीडनमध्ये तर कॉफी, बस, अगदी चर्चमधली मेणबत्तीसुद्धा कार्डावर. कार्डाच्या यंत्राने "रुपयांत घेऊ की क्रोनरमध्ये?" असं विचारलं तर क्रोनर निवडा, रुपयांचा दर महागात पडतो. शेजारच्या काकांनी कौतुकाने दिलेली जुनी स्वीडिश नोट बरोबर नेऊ नका. तिथल्या जुन्या नोटा २०१६ आणि २०१७ मध्ये चलनातून बाद झाल्या. मी नेली होती. आता ती पुस्तकात खूण म्हणून आहे.

आता दंडाची गोष्ट. हॉस्टेलच्या भाड्यात पलंग, गादी, उशी आणि रजई येते. चादर, उशीचा अभ्रा आणि रजईची खोळ बऱ्याच ठिकाणी येत नाही. ती आपली आणायची किंवा तिथे भाड्याने घ्यायची. भाडं एका रात्रीला असो की पाच रात्रींना, एकदाच भरायचं, त्यामुळे एका-एका रात्रीचे मुक्काम असतील तर ते फार लागतं. "मी स्लीपिंग बॅग आणलीय की!" असं मी विजयी मुद्रेने म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने हसून भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: स्लीपिंग बॅग चालणार नाही. ढेकणांच्या भीतीने असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. मग भाडं भरलं. शिवाय निघताना खोली झाडायची असते हे न वाचल्यामुळे सफाईचे पैसे कार्डातून गेले ते निराळेच. चूक माझीच होती. बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं, आणि आयुष्यभर लोकांना 'सूचना वाचा' म्हणणारी मी ते न वाचता गेले होते.

म्हणून सामानात एक पातळ सुती चादर, एक अभ्रा आणि एक खोळ न्या. तिन्ही मिळून वजन किलोभर होतं. खोळ नसेल तर दोन चादरी तिन्ही बाजूंनी शिवून घ्या, मी तेच केलं. आणि खोळ घालायची एक युक्ती मला ओस्लोच्या खोलीतल्या एका आजींनी शिकवली, कारण मी रजईशी झटापट करताना त्यांना बघवेना. खोळ उलटी करायची. आत दोन्ही हात घालून तळाचे दोन कोपरे आतूनच चिमटीत धरायचे, जसं बाहुलीच्या अंगरख्यात बोटं घालतो तसं. मग त्याच चिमटीने, कापडासकट, रजईचे दोन कोपरे पकडायचे आणि उभं राहून एकदा जोरात झटकायचं. खोळ आपोआप सुलटी होत रजईवर उतरते. आजींना इंग्रजी येत होतं, तरी त्यांनी एक शब्दही न बोलता हे दोनदा करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं, मान हलवली आणि आपल्या विणकामाकडे वळल्या.

सामानात आणखी: डोळ्यांवरची पट्टी (स्टॉकहोमला जूनमध्ये साडेतीनच्या सुमारास उजाडतं आणि डॉर्मचे पडदे नावालाच असतात), कानातले बोळे, लॉकरसाठी स्वतःचं छोटं कुलूप, घरात घालायच्या सपाता, टॉवेल आणि एक रिकामी बाटली. बाटलीचे उपयोग दोन. नळाचं पाणी उत्तम असतं, विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा उपयोग असा की संडासात पाण्याची सोय असेलच असं नाही, कागदच असतो. त्यासाठी मात्र वेगळी बाटली ठेवा आणि तिला खूण करा. ग्रंथपाल म्हणून सांगते, लेबल लावण्यात कसूर करू नका.

पोचण्याच्या दिवशी बहुतेकांची फजिती होते ती दारात. स्वागतकक्ष दिवसभर उघडा नसतो. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास, काही ठिकाणी माणूसच नाही. बाहेरच्या दाराचा आणि खोलीचा आकडी कोड तुम्हाला पाठवतात. तो एसएमएसने येणार असेल आणि तुमचं सिमकार्ड तिकडे चालत नसेल, तर तुम्ही सुटकेसवर बसून पाऊस बघणार. दोन दिवस आधी लिहा, 'कोड ईमेलने पाठवा', आणि आला की स्क्रीनशॉट काढून वहीतही उतरवून ठेवा.

आत शिरल्यावर बूट उंबऱ्यापाशी. रॅक असतो, नसला तर बुटांची रांग दिसेल. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, पण विमानतळावरून थेट आलेलं माणूस बॅग ओढत सरळ आत जातं. मी गेले. कुणी ओरडलं नाही. एक मुलगा आला आणि माझ्या पावलांमागे फडकं फिरवत गेला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

न्हाणीघरात कोपऱ्यात लांब दांड्याचा रबरी वायपर उभा असतो. तो शोभेचा नाही. अंघोळ झाली की फरशीवरचं पाणी जाळीकडे ओढायचं, केस उचलायचे, मग बाहेर पडायचं. काही हॉस्टेलांत सौना असतं, म्हणजे बसून घाम काढायची तापवलेली खोली. स्वीडिश भाषेत 'बस्तू'. पुरुषांची वेळ आणि बायकांची वेळ बहुधा वेगळी असते. आत फळीवर आधी टॉवेल पसरायचा, मग त्यावर बसायचं. कपडे घालून कुणी बसत नाही. मी दाराच्या काचेतून पाहिलं आणि परत फिरले. तुमचं तुम्ही ठरवा.

आणि आता स्वयंपाकघर. हॉस्टेलचा जीव तिथे असतो. राहण्याच्या खालोखाल खर्च होतो जेवणावर, आणि बाहेर दोन वेळ जेवायचं म्हटलं तर हॉस्टेल घेऊन वाचवलेले पैसे तिसऱ्या दिवशी संपतात. सामायिक स्वयंपाकघरात भांडी, ताटं, सुऱ्या, शेगड्या, फ्रिज सगळं असतं. किराणा स्वस्त दुकानातून आणा: डेन्मार्कात नेट्टो, नॉर्वेत रेमा १००० किंवा किवी, स्वीडनमध्ये विलीस. नॉर्वेत रविवारी मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भरून ठेवा. लाल मसूर डाळ तिन्ही देशांत सहज मिळते. बटाटे, गाजर, कोबी, अंडी, राय नावाच्या धान्याची कुरकुरीत पोळी. उपाशी मरत नाही कुणी.

दुधाचं मात्र सांभाळा. स्टॉकहोमला पहिल्या सकाळी मी चहा केला, दुकानातून आणलेला दुधाचा खोका उघडला आणि ओतला. चहा फाटला. परत केला, परत फाटला. खोक्यावर 'फिलम्योल्क' लिहिलं होतं. 'म्योल्क' म्हणजे दूध एवढं मी घोकून गेले होते, पुढचं 'फिल' बघितलंच नव्हतं. ते निघालं आंबवलेलं दूध, आपल्या घट्ट ताकासारखं. शेजारी कॉफी गाळणारी स्वीडिश मुलगी हे सगळं पाहत होती. तिने आपल्या खोक्यातलं दूध पुढे केलं. मी कपात ओतून खोका परत दिला तर ती म्हणाली, "ताक!" मी म्हटलं, हो बाई, ताकच आहे, कळलं आता. नंतर समजलं की ते त्यांचं 'धन्यवाद' होतं. उरलेल्या फिलम्योल्कमध्ये मी मीठ आणि जिऱ्याची पूड घालून तिला प्यायला दिलं. तिने ते संपवलं. आवडलं की शिष्टाचार, सांगता येत नाही.

फ्रिजचा नियम सगळीकडे एकच: पिशवीवर नाव आणि निघायची तारीख. पेन आणि चिकटपट्टी दाराला बांधलेली असते. तारीख उलटली की ती पिशवी सगळ्यांची किंवा कचऱ्याची. त्याशिवाय एक फळी असते, जाणाऱ्यांनी येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या वस्तूंची. तेल, मीठ, अर्धा पास्ता, कॉफी, कधी उघडलेलं जॅम. दुकानात जाण्याआधी ही फळी बघा. १९ दिवसांत मी तेल एकदाही विकत घेतलं नाही.

गर्दीची वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. तिकडे लोक लवकर जेवतात. तुम्ही आठला जा, चारही शेगड्या तुमच्या. पण पहिल्या दिवशी मुद्दाम गर्दीतच जा, कारण ओळखी तिथेच होतात. खोलीत किंवा जिन्यात कुणी आपण होऊन बोलत नाही, आणि तो तुटकपणा नसतो, तुम्हाला निवांत राहू द्यायची त्यांची रीत असते. 'हेय' म्हणा, ते 'हेय' म्हणतील, संपलं. स्वयंपाकघरात मात्र "हे झाकण कुठलं?" एवढ्यावर गप्पा सुरू होतात. उद्या पाऊस आहे का, कुठली पायवाट चांगली, कुठल्या संग्रहालयाला कधी प्रवेश फुकट. पगार आणि 'लग्न झालं का' सोडून सगळं विचारा.

फोडणीबद्दल वेगळं लिहायला हवं. नॉर्वेतल्या एका हॉस्टेलात, नाव सांगत नाही, मी मसुराच्या आमटीला फोडणी दिली. शेगडी विजेची, तव्यासारख्या जाड लोखंडी चकतीची. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ धगधगत राहते. मोहरी तडतडली, मी बटण फिरवलं, पण भांडं तिथेच राहिलं. हिंग पडला, लाल मिरची काळी झाली, आणि छतावरच्या धुराच्या यंत्राने जो आक्रोश मांडला तो अख्ख्या इमारतीत ऐकू गेला. ३० माणसं अंगणात. कुणी मोज्यांवर, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक म्हातारे गृहस्थ हातातला कॉफीचा कप न सांडता. मी झारा घेऊन. चालवणाऱ्या बाई धावत आल्या, आत गेल्या, खिडक्या उघडल्या, यंत्र गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "आग नाही. पण वास चांगला आहे." नशीब असं की तिथलं यंत्र थेट अग्निशमन दलाला जोडलेलं नव्हतं. काही ठिकाणी जोडलेलं असतं आणि बंब फुकट बोलावल्याचं बिल पाहुण्याला येऊ शकतं.

तेव्हापासूनची माझी पद्धत: धूर ओढणारा पंखा आधी लावायचा, खिडकी उघडायची. तेल मध्यम आचेवर तापलं की भांडं चकतीवरून *उचलून* बाजूला ठेवायचं आणि मग मोहरी, जिरं घालून झाकण लावायचं. तेलातल्या उष्णतेवर ती फुलते. मिरची आणि हिंग अगदी शेवटी, आणि लगेच आमटी वर ओतायची. तळणं पूर्ण बंद.

खाऊन झालं की भांडी लगेच धुवा, पुसा आणि *होती त्याच कपाटात* ठेवा. 'सकाळी घासू' हे तिथे चालत नाही. कचऱ्याचे तीन-चार डबे असतात: उरलंसुरलं अन्न, प्लास्टिक, कागद, काच. ओस्लोत अन्नाची पिशवी हिरवी आणि प्लास्टिकची निळी. कळलं नाही तर विचारा, तिथल्या माणसांना हे समजावून सांगायला मनापासून आवडतं. पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन फेकू नका. त्यांवर अनामत भरलेली असते आणि किराणा दुकानातल्या यंत्रात टाकले की परत मिळते. डेन्मार्कात प्रकारानुसार एक, दीड किंवा तीन क्रोनर.

रात्रीचं एवढंच. दहानंतर कुजबुज, दिवा फक्त आपल्या उशाचा. पहाटेची गाडी असेल तर बॅग रात्रीच भरा आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. पहाटे पाचला कॅरीबॅगेइतका मोठा आवाज जगात नाही. फोन मूक ठेवा, कारण उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो आणि आपल्याकडच्या सकाळी सातचे 'शुभ सकाळ' तिथे साडेतीनला येतात. फुलांच्या फोटोंसकट.

जागा निवडताना एखादी रात्र निव्वळ हौसेसाठी ठेवायला हरकत नाही. स्टॉकहोममध्ये लाँगहोल्मेन बेटावरचा तुरुंग १९७५ मध्ये बंद झाला आणि १९८९ पासून त्याच्या कोठड्यांत पाहुणे झोपतात. मीही झोपले. दार जाड, खिडकी उंचावर, आणि सगळ्या मुक्कामातली सर्वांत शांत झोप. त्याच शहरातलं 'आफ चॅपमन' हे १८८८ साली बांधलेलं शिडाचं जहाज १९४९ साली हॉस्टेल झालं. मी ते फक्त काठावरून पाहिलं. जहाजात शिड्या, आणि माझा गुडघा.

निघायच्या दिवशी तासभर हाताशी ठेवा. चादर, अभ्रा, खोळ भाड्याची असेल तर काढून सांगितलेल्या टोपलीत. खोलीचा केर काढायचा, लादी पुसायची असेल तर बादली आणि फडकं जिन्याजवळच्या कपाटात. फ्रिजमधली पिशवी रिकामी. उरलेलं मीठ-मसाला फळीवर. मी अर्धा किलो मसूर ठेवला आणि वर चिठ्ठी लावली: तिप्पट पाणी, वीस मिनिटं, मीठ शेवटी.

आणि कचरा टाकायला बाहेर जाल तेव्हा बॅग आधी दाराबाहेर काढून ठेवा, फोन खिशात ठेवा. कोड निघायच्या वेळेला बंद होतो, मिनिटभर इकडे नाही की तिकडे. बर्गनला मी दहाला दोन मिनिटं असताना अन्नाची पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेले, झाकणं वाचत योग्य डबा शोधला आणि परतले तेव्हा दहा वाजून एक मिनिट झालं होतं. सपाता घालून, पावसात, वीस मिनिटं. शेवटी त्याच जर्मन सायकलवाल्यांपैकी एकाने आतून दार उघडलं. "ताक," मी म्हटलं. नॉर्वेतही ते चालतं.